ऑक्टेन वाढवणारी बाटली घेण्याआधी

काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघालं की गायमुखचा चढ लागतो. गाडीत पाच माणसं, एसी सुरू, पुढे कंटेनर रखडलेला, आणि गियर खाली न आणता चालकाने तसाच पाय दाबला, तर काही गाड्यांच्या बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्याला ‘इंजिन नॉक करतंय’ म्हणतात. भाईंदर पूर्वेच्या गाडीवाल्यांना हा चढ रोजचा, आणि हा आवाजही काहींच्या ओळखीचा. मग कुणीतरी उपाय सुचवतं : ऑक्टेन बूस्टर. दोनशे-तीनशे मिलिलिटरची बाटली, पेट्रोल भरण्याआधी टाकीत ओतायची. तिच्यावर ताकद, पिकअप, अ‍ॅव्हरेज या सगळ्याचं आश्वासन छापलेलं असतं. माझं म्हणणं आधीच सांगतो : ही बाटली घेऊ नका. तुमच्या इंजिनाला जास्त ऑक्टेनची गरज खरोखर असेल, तर ती पंपाच्या नोझलमधून भागते. गरज नसेल, तर बाटलीतून काहीच मिळत नाही. आणि काही बाटल्या खरोखर काम करतात, तेव्हा ज्या द्रव्यामुळे त्या काम करतात तेच द्रव्य बहुतेकदा गाडीला महागात पडतं.

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोटाळा या एका शब्दाच्या गैरसमजावर उभा आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण पिस्टन दाबतो, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर सिलिंडरच्या आत दाबाचा अचानक हादरा बसतो. तोच तो खड्यांचा आवाज. पेट्रोल या अवेळी पेटण्याला किती विरोध करतं, त्याचं मोजमाप म्हणजे ऑक्टेन क्रमांक. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० असे गुण दिलेले आहेत. एका खास चाचणी-इंजिनात तुमचं पेट्रोल ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर ते ९१ ऑक्टेनचं. या व्याख्येत ताकदीचा उल्लेख कुठेच नाही. ऑक्टेन म्हणजे इंधनाचा धीर, दाबाखाली तग धरण्याची क्षमता. इथेनॉलकडे पाहा. त्याचा ऑक्टेन क्रमांक १०८ च्या आसपास, म्हणजे पेट्रोलपेक्षा कितीतरी वर. पण एक लिटर इथेनॉलमध्ये असलेली ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच. ऑक्टेन वाढला म्हणजे जोर वाढला असं असतं, तर इथेनॉलवर गाडी पेट्रोलपेक्षा लांब गेली असती.

मग जास्त ऑक्टेनचा उपयोग कुणाला? ज्या इंजिनात मिश्रण जास्त दाबलं जातं त्याला, विशेषतः टर्बो पेट्रोल इंजिनाला. आजच्या बहुतेक गाड्यांत सिलिंडर ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. नॉकिंगची चाहूल लागली की गाडीचा संगणक ठिणगीची वेळ थोडी मागे घेतो. आवाज थांबतो, जोर किंचित कमी होतो. अशा इंजिनाला कंपनीने ९५ ऑक्टेनचं इंधन सांगितलेलं असेल आणि तुम्ही ९१ चं भरत असाल, तर ९५ भरल्यावर गेलेला जोर परत मिळतो, हे खरं आहे. पण इंजिनाची घडणच ९१ साठी असेल आणि ते ठणठणीत असेल, तर ठिणगी आधीच योग्य वेळी पडत असते. त्यात ९७ भरा की १०० भरा, संगणकाला पुढे नेण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून पहिलं काम बाटली शोधण्याचं नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या आतली चिकटपट्टी आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून कंपनीने किमान किती ऑक्टेन सांगितला आहे तो आकडा वाचा. ‘किमान’ आणि ‘शिफारस’ असे दोन आकडे असतील तर दोन्ही वाचा. पुढचा सगळा विचार त्या आकड्यावर उभा राहतो.

आता बाटलीचा हिशेब मांडू. बाटलीवर ‘३० पॉइंट वाढ’ असं लिहिलेलं असतं तेव्हा वाचणाऱ्याला ९१ चे १२१ झाल्यासारखं वाटतं. या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक दशांश; ३० पॉइंट म्हणजे जास्तीत जास्त ३ अंक. ते तीन अंक तरी कुठून येणार? समजा बाटलीत टोल्यूइन आहे. हे पेट्रोलमध्ये मुळातच असणारं द्रव्य, ऑक्टेन सुमारे १२०. ३५ लिटरची टाकी ९१ वरून ९४ वर न्यायची, तर साध्या सरासरीच्या हिशेबाने टाकीतलं दहावा हिस्सा इंधन टोल्यूइन असावं लागेल, म्हणजे साडेतीन लिटरहून अधिक. तीनशे मिलिलिटरची बाटली टाकीच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. तिच्यातून ऑक्टेन वाढेल तो पाव अंक. हा फरक ना इंजिनाला कळेल, ना तुम्हाला. या गणितातून सुटका नाही. एवढ्याशा बाटलीने दोन-तीन अंकांची वाढ खरोखर दिलीच, तर आत नुसतं विद्रावक असूच शकत नाही. काही ग्रॅममध्ये परिणाम करणारं काहीतरी जालीम द्रव्य त्यात असलंच पाहिजे. आणि अशी द्रव्यं मोजकीच आहेत.

त्यातलं सर्वांत जुनं शिसं. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा हा गुण सापडला. १९२३ च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या डेटन गावी ते मिसळलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली, आणि विक्रीचं नाव ठेवलं ‘एथिल’. नावातून शिसं गाळलेलं होतं. दुसऱ्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही पुढची अनेक दशकं जगभरच्या गाड्या शिसं ओकत राहिल्या. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झालं. शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ च्या जुलैमध्ये थांबलं. एका इंजिनाची चाल गुळगुळीत करण्यासाठी वापरलेलं द्रव्य लहान मुलांच्या रक्तात शिरतं, आणि त्यातून बाहेर पडायला जगाला जवळपास शंभर वर्षं लागली. म्हणून, आत काय आहे ते न सांगणाऱ्या बाटलीकडे मी संशयाने पाहतो आणि तुम्हीही पाहावं असा माझा आग्रह आहे.

शिशाच्या जागी आज बाटल्यांत येतात ती प्रामुख्याने तीन द्रव्यं. पहिलं एमएमटी, म्हणजे मँगनीजचं सेंद्रिय संयुग. ते ऑक्टेन वाढवतं यात शंका नाही. पण मँगनीज जळून नाहीसं होत नाही. त्याच्या ऑक्साइडचा तांबूस तपकिरी थर स्पार्क प्लगवर, ऑक्सिजन सेन्सरवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जाळीवर बसतो. युरोपीय संघाने पेट्रोलमधल्या मँगनीजवर २०१४ पासून लिटरमागे २ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि जगभरचे गाडी-उत्पादक एकत्र येऊन जी इंधनविषयक सनद काढतात तिच्यात धातुयुक्त द्रव्यं मुद्दाम मिसळूच नयेत असं म्हटलं आहे. दुसरं फेरोसीन, लोखंडाचं संयुग. त्याचा गंजासारखा लाल थर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर चढतो आणि ठिणगी त्या थरावरून भलत्याच वाटेने निसटू लागते. म्हणजे ज्या गाडीला नॉकिंग होतं तिला आता मिसफायरिंगही होतं. तिसरं एन-मिथाइल अ‍ॅनिलीन. त्यात धातू नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटतं, पण ते कातडीतून शरीरात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करतं. पार्किंगमध्ये उघड्या हातांनी फनेल धरून असलं द्रव्य ओतण्याचा धोका कुठल्याही पिकअपच्या मोबदल्यात पत्करण्याजोगा नाही. बीएस-६ गाडीत कन्व्हर्टर हा सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे, आणि बाहेरून ओतलेल्या द्रव्यामुळे तो निकामी झाल्याचं दिसलं तर वॉरंटीचा दावा टिकवणं कठीण जातं.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा : ‘मी टाकली, आणि गाडी हलकी पळायला लागली.’ हा अनुभव खोटा म्हणून मी झटकणार नाही. पण बाटली ओतली त्याच दिवशी टाकी फुल केलेली असते, अनेकदा नेहमीचा पंप सोडून दुसऱ्या पंपावर. टायरमध्ये हवाही तेव्हाच भरलेली असते. रविवारी सकाळी वर्सोवा खाडी पुलावरून वसईकडे मोकळ्या रस्त्याने जाताना मिळालेल्या अ‍ॅव्हरेजची तुलना शुक्रवारी संध्याकाळी दहिसरच्या कोंडीत मिळालेल्या अ‍ॅव्हरेजशी केली, तर कुठलंही औषध गुणकारी ठरेल. खरंच तपासायचं असेल तर एकाच पंपावर, एकाच पातळीपर्यंत टाकी भरून, नेहमीच्या रस्त्याने तीन टाक्या बाटलीशिवाय आणि तीन टाक्या बाटलीसह चालवून किलोमीटर आणि लिटर वहीत लिहावे लागतील. काही बाटल्यांत ऑक्टेनच्या द्रव्याबरोबर इंजेक्टर साफ करणारं डिटर्जंटही असतं, आणि मळलेल्या इंजेक्टरची गाडी त्याने खरोखर सुधारू शकते. मात्र ते श्रेय सफाईचं. सफाई हवी असेल तर पॉलिइथर अमाइन असलेलं, धातुविरहित फ्युएल सिस्टिम क्लीनर वेगळं मिळतं. गाडीच्या कंपनीला ते चालत असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी वापरता येतं.

दुसरा आक्षेप सध्या सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यामागची तक्रार रास्त आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. ‘पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे, अ‍ॅव्हरेज पडलं, म्हणून बूस्टर टाकतो.’ अ‍ॅव्हरेज पडतं हे सरकारनेही मान्य केलं आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या २०२५ च्या निवेदनात ई-१० (दहा टक्के इथेनॉल) साठी बनवलेल्या आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉल) साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के, तर इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के घट सांगितली होती. वर दिलेल्या ऊर्जेच्या हिशेबाने पाहिलं तरी वीस टक्के इथेनॉलमुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे साडेसहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी होते. जुन्या गाडीच्या मालकाला ही घट खिशातून सोसावी लागते आणि त्याची चिडचिड योग्यच आहे. पण बूस्टर इथे उलटा उपाय आहे. त्याच मंत्रालयाने म्हटलं होतं की पूर्वी देशात ८८ ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं, बीएस-६ ला ते ९१ झालं, आणि वीस टक्के इथेनॉलमुळे ते ९५ पर्यंत गेलं आहे. म्हणजे ई-२० मध्ये कमतरता ऊर्जेची आहे, ऑक्टेनची मुळीच नाही. ऑक्टेन तर वाढलेला आहे. जे कमी पडलंय ते सोडून जे आधीच वाढलंय तेच पुन्हा विकत घेण्याचा हा व्यवहार. बाटलीतला दोनशे मिलिलिटर द्रव, तो काहीही असो, ३५ लिटरच्या टाकीतल्या ऊर्जेत अर्ध्या-पाऊण टक्क्याची भर घालील. शिवाय २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि सील वीस टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नाहीत. त्यांच्यावर वरून टोल्यूइन, झायलीन, अ‍ॅसिटोन किंवा आणखी अल्कोहोल ओतणं म्हणजे त्या रबराची दुप्पट परीक्षा. अशा गाडीवर खर्च करायचाच असेल, तर मेकॅनिककडून नळ्या, सील आणि फिल्टर तपासून घेण्यावर करा.

या माहितीवरून पंपावरचा निर्णयही सोपा होतो. इंडियन ऑइलचं एक्सपी-९५, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर, भारत पेट्रोलियमचं स्पीड ही महागडी पेट्रोलं वाढीव ऑक्टेन आणि सफाईची द्रव्यं यांच्या जोरावर विकली जातात. ही मिसळ कंपनीच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या मानकांत राहून होते, घरच्या फनेलने होत नाही. म्हणून बाटलीपेक्षा ती केव्हाही बरी. पण साधं ई-२० पेट्रोलच ९५ च्या घरात असेल, तर ९५ च्या प्रीमियममध्ये तुम्ही मुख्यतः सफाईच्या द्रव्याचे पैसे मोजता, हे लक्षात ठेवा. १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० ला आणलं, तेव्हा त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता, साध्या पेट्रोलच्या जवळपास दुप्पट. ते ज्या गाड्यांसाठी आहे, त्या गाड्यांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. टर्बो गाडीला ९५ ची शिफारस असेल आणि चढावर किंवा उन्हाळ्यात आवाज येत असेल, तर सलग तीन टाक्या ९७ च्या पुढचं पेट्रोल भरून पाहा. आवाज गेला तर उत्तर मिळालं. नाही गेला तर दोष ऑक्टेनमध्ये नाही.

तो दोष कुठे असू शकतो? एक जागा टाकीबाहेरची : भेसळ. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फारच कमी, त्यामुळे थोड्या भेसळीनेही चांगली गाडी नॉक करू लागते. हा धंदा किती माजलेला होता ते महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ ला पाहिलं. मनमाडजवळ पानेवाडीला तेलाची चोरटी भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याने ज्यासाठी जीव दिला, ती तपासणी करण्याचा साधा हक्क आपण पंपावर वापरतही नाही. फिल्टर पेपर, घनता मोजायचं हायड्रोमीटर आणि पाच लिटरचं प्रमाणित माप पंपावर ठेवलेलं असतं आणि ग्राहकाने मागितलं तर दाखवावं लागतं. नोझलच्या टोकावरचा थेंब फिल्टर पेपरवर टाका. दोनेक मिनिटांत तो उडून जायला हवा, तेलकट डाग राहिला तर शंका घ्या. हलकं विद्रावक मिसळलेलं असेल तर मात्र कागद फसतो, म्हणून घनताही मोजायला सांगा. १५ अंश तापमानाला बीएस-६ पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलो असते, आणि पंपाला आलेल्या पावतीवरच्या आकड्यापेक्षा ती ३ हून जास्त वरखाली असता कामा नये. फरक दिसला तर पावती घ्या आणि पंपावर लावलेल्या कंपनी अधिकाऱ्याच्या नंबरवर तक्रार नोंदवा. एवढं होईपर्यंत पंप बदलून दोन टाक्या चालवून पाहणं ही सर्वांत स्वस्त चाचणी.

दुसरी जागा इंजिनाच्या आत. वर्षानुवर्षं पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रखडणाऱ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये कार्बन साचतो. कार्बनने जागा व्यापली की दाब वाढतो आणि गरम कार्बन मिश्रणाला अवेळी पेटवतो. नवघर रस्ता ते स्टेशन एवढंच जिचं रोजचं जग आहे अशा गाडीत हे हमखास होतं. चुकीच्या उष्णता-क्रमांकाचा प्लग, अर्धवट काम करणारा रेडिएटरचा पंखा, कमी झालेलं कूलंट, निकामी नॉक सेन्सर, यातलं काहीही तोच आवाज काढू शकतं. मेकॅनिककडे गेल्यावर ‘बूस्टर टाकू का’ असं विचारू नका; आधी स्कॅनर लावायला आणि चारही प्लग काढून दाखवायला सांगा. आणि गायमुखच्या चढावर गियर वेळेत खाली आणा. कमी आरपीएमवर जास्त भार हीच नॉकिंगची सर्वांत आवडती वेळ, आणि त्यावरचा हा उपाय फुकट आहे.

पावसाळ्याची एक वेगळी काळजी भाईंदरकरांनी घ्यायलाच हवी, कारण इथे रस्त्यावर पाणी साचतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि ते मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. वरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन उतरतो, आणि तळातून ओढणारा पंप इंजिनाला पाणीच पाजतो. गाडी बंद पडली, हिसके देऊ लागली तर कुठलंही द्रव्य ओतून ती सुधारत नाही. टाकी रिकामी करून साफ करावी लागते. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर जूनच्या आधी बदला.

बाटली आधीच ओतून झाली असेल तर घाबरू नका. ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेला नसेल तर ती टाकी संपू द्या, मध्येच साधं पेट्रोल भरून द्रव्य पातळ करत जा, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला प्लग काढायला लावून त्यांचा रंग स्वतः पाहा. पांढऱ्या भागावर विटकरी किंवा तांबूस थर दिसला, तर नवे प्लग बसवा आणि ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंगही काढून घ्या. बाटलीत उरलेलं द्रव्य गटारात ओतू नका. इथली गटारं खाडीला मिळतात. झाकण घट्ट लावून, स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून दूर ठेवा, आणि टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे सोपवा.